जहाजावरचा मेहुणा

"जहाजावर असतो," मी म्हणालो, आणि म्हटल्यावर मीच दचकलो. जिन्यात समोर वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक उभे होते, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पावाची पिशवी. त्यांनी विचारलं होतं एवढंच, की तुमच्याकडे कोण पाहुणे आलेत, सकाळपासून खिडकीत उभे दिसतात. याला 'बायकोचा भाऊ' एवढं उत्तर पुरलं असतं. खरं होतं, छोटं होतं, जिन्यात मावण्यासारखं होतं. पण बायकोचा भाऊ म्हटलं की माणूस पुढे विचारतो, काय करतात? आणि त्या पुढच्या प्रश्नाला मी इतका घाबरलो होतो, की तो येण्याआधीच त्याचं उत्तर देऊन मोकळा झालो. उचलली जीभ लावली टाळ्याला. "अरे वा! कुठल्या जहाजावर?" प्राध्यापकांनी पावाची पिशवी छातीशी धरली. "मोठ्या," मी म्हणालो. इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण उतरता उतरता मी मागे वळून म्हणालो, "महिनोन्‌महिने जमीन दिसत नाही हो त्याला." हे कशासाठी? कोणी मागितलं होतं? रस्त्यावर आलो तेव्हा माझे कान गरम झाले होते, आणि पोटात कुठेतरी बरंही वाटत होतं, पहिल्यांदा चोरून सिगारेट ओढलेल्या पोरासारखं.

मेहुणा जहाजावर नव्हता. तो तुरुंगात होता आणि रजेवर आला होता. शाळेला रजा असते, कचेरीला असते, तशी तुरुंगालाही असते हे मला या वयात कळलं. चांगलं वागलं की काही दिवस घरी सोडतात, फक्त घरच्या कोणाला तरी जामीन राहावं लागतं. ही म्हणाली, "तुम्ही राहा," आणि मी राहिलो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस कशाकशाला जामीन आहे हे त्याचं त्यालाही नीट सांगता येत नाही, त्यात आणखी एक. अटी सोप्या होत्या. आमच्याच घरी राहायचं, चौकीवर हजेरी द्यायची, आणि ज्या गुन्ह्यासाठी आत गेला त्या वाटेला पुन्हा फिरकायचं नाही. एक तक्रार आली की रजा तिथल्या तिथे खलास, पुन्हा कधी मिळायची नाही. नीट राहून नीट परत गेला, तर मात्र लवकर सोडण्याचा विचार होणार होता. त्या विचारावर हिने आपला सगळा जीव टांगून ठेवला होता. यांची आई लवकर गेली. धाकट्या भावाचे केस विंचरण्यापासून त्याला शाळेतून परत आणण्यापर्यंत सगळं हिने केलेलं. एरवी माझी बायको प्रत्येक वाक्य खिळा ठोकल्यासारखं संपवते. भावाचा विषय निघाला की अर्ध्यावर सोडते. "तो सुटला ना, की मग..." असं म्हणून ती कपड्यांच्या घड्या घालायला लागायची.

गुन्हा म्हणाल तर चोरी नाही, मारामारी नाही. तोतयेगिरी. पाचव्या वर्षी हा वडिलांचा कोट घालून शेजारच्या घरात शिरला होता, आणि "सगळं ठीक आहे ना?" असं विचारून, त्यांच्याकडचं बिस्कीट खाऊन परत आला होता. तेव्हापासून त्याला सगळे साहेब म्हणतात. मोठेपणी कोट बदलले, एवढंच. कधी गाण्याच्या परीक्षेचा परीक्षक, कधी पाणी तपासणारा अधिकारी, आणि शेवटी लिफ्ट तपासनीस. इमारतीत जायचं, लिफ्टची बटणं दाबायची, दाराला कान लावून ऐकायचं, "ठीक" म्हणायचं आणि फी घेऊन निघायचं. लोकांनी खुर्ची द्यावी, "या साहेब, आत या" म्हणावं, याचीच त्याला खरी भूक. फी तो पुष्कळदा विसरून यायचा. पण ज्या लिफ्टला ठीक म्हटलं, त्यातली एक दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत एक न्यायाधीश होते. खटला त्यांच्यापुढे चालला नाही, दुसऱ्या न्यायाधीशांपुढे चालला. पण न्यायाधीशही एकमेकांशी बोलत असणारच की.

तुरुंगात एक समुपदेशक बाई येतात. त्यांनी साहेबाला सांगितलं होतं, दारुड्याला जसा पहिला घोट, तसं तुला पहिलं खोटं. तेव्हा बाहेर असशील तोवर एकही खोटा शब्द नको, साधा सभ्यपणाचासुद्धा नको. आणि आयुष्यात ज्याने कोणाचं काही ऐकलं नाही त्या आमच्या साहेबाने हे मात्र ऐकलं. पहिल्याच जेवणाला हिने विचारलं, "झालंय का रे नीट?" त्याने घास चावला, विचार केला. "मीठ जास्त झालंय, ताई. पण मी सगळं खाणार आहे." शेजारीण तान्ह्या बाळाला घेऊन आली, म्हणाली, "ओळखा बघू, कोणावर गेलाय?" साहेबाने बाळाकडे बराच वेळ पाहिलं. "अजून कोणावरच नाही गेलेला." मला म्हणाला, "भावोजी, तुम्ही सुटलात." मी म्हटलं, कामाचा ताण फार आहे. तो म्हणाला, "ताणाने माणूस वाळतो." घरात एक खरं बोलणारा माणूस आला की बाकीच्यांची किती पंचाईत होते, हे अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. आम्ही दोघं नवराबायको जेवताना गप्प बसायला लागलो. शिवाय त्याचं ते दारांचं. बंद दार दिसलं की तो हात मागे बांधून त्याच्यासमोर उभा राही, कोणीतरी उघडायची वाट बघत. एकदा न्हाणीघरातून कितीतरी वेळ पाण्याचा आवाज नाही की काही नाही, म्हणून मी घाबरून हाक मारली. "झालं माझं," आतून अगदी जवळून आवाज आला. "मग बाहेर ये ना." काहीच हालचाल नाही. "अरे साहेब, कडी तुझ्याच बाजूला आहे!" "हो. खरंच की," आतून आवाज आला. मला हसू आलं होतं, पण वळून पाहिलं तर ही मागे उभी होती, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते हसू मी गिळलं.

जहाजाचं त्याला सांगणं भागच होतं. "साहेब, एक छोटीशी गोष्ट," मी चहाच्या वेळी सुरुवात केली. "कोणी विचारलं तर तू जहाजावर असतोस." त्याने कप खाली ठेवला. "असं कोण म्हणालं?" "मी." "भावोजी," तो इतक्या हळू म्हणाला की मला पुढे वाकावं लागलं, "तेच तर माझं कलम आहे." मी म्हटलं, तू कुठे काय बोलायचंय? नुसतं हूं म्हण. "हूं पासूनच सुरू होतं ते. मी पाण्याचा साहेब आहे असं मी कधी म्हटलंच नव्हतं. एका बाईंनी दार उघडून विचारलं, पाण्याचे साहेब का? मी हूं म्हटलं." ही कपबशा उचलायला आली होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कपात अजून चहा असताना माझा कप उचलून नेला.

माझं चष्म्याचं दुकान आहे. मागे एक अंधारी खोली, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड गोल फ्रेम, आणि मी एकामागून एक भिंगं बदलत विचारतो, "आता कसं दिसतंय? आणि आता?" आयुष्यभर मी लोकांना खरं काय दिसतं ते विचारत आलो, आणि आयुष्यभर लोक मला थापा मारत आले. गाडी चालवणारे शेवटची ओळ बाहेरच्या बाकावर बसून पाठ करून येतात. बायकांना जवळचं दिसत नाही, पण वय दिसेल म्हणून जवळचा नंबर नको असतो. आणि मी? त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं, दिवसभर पहाऱ्याची नोकरी असलेला दांडगा माणूस, डावा कान उजव्यापेक्षा चांगला खाली. चष्मा त्याच्या तोंडावर फोटोच्या वाकड्या चौकटीसारखा बसला. डावी काडी वाकवायला हवी होती. पण दुकान बंद करायची वेळ झाली होती, म्हणून मी आरसा धरून म्हटलं, "फर्स्टक्लास बसलाय." तो बिचारा मान तिरकी करून, फर्स्टक्लास होऊन निघून गेला. हे सगळं आधीही होत असेल, पण साहेब घरी आल्यापासून मला ते ऐकू यायला लागलं, घड्याळाकडे एकदा लक्ष गेलं की टिकटिक थांबत नाही तसं. आणि थांबायचं सोडून मी बहकतच गेलो. ज्यांनी साहेबाला पाहिलंही नाही, पाहणारही नाहीत, अशा गिऱ्हाइकांना मी अंधाऱ्या खोलीत त्यांची हनुवटी धरून वादळांच्या गोष्टी सांगू लागलो. कप्तान आजारी पडला तेव्हा आमच्या मेहुण्याने सुकाणू धरलं, हे मी एका दंतवैद्याला सांगितलं. दंतवैद्य म्हणाला, "बाप रे!" तो 'बाप रे' मी घरी जाईपर्यंत चघळत होतो. रखवालदारालाच चटक लागली होती. साहेब पुन्हा घसरतो की काय यावर लक्ष ठेवायला ज्याला नेमलं, तो रोज घसरत होता, आणि ज्याच्यावर लक्ष ठेवायचं, तो माझ्या घरात बसून वाटाणे सोलत होता.

प्राध्यापक दर रविवारी गच्चीवर इमारतीतल्या मुलांना जमवतात आणि कोणाकडून तरी त्याच्या कामाची माहिती सांगवतात. आग विझवणारा झाला, बेकरीवाला झाला, मी स्वतः एकदा डोळ्याच्या बाहुलीवर बोललो होतो आणि दोन पोरं झोपली होती. "या रविवारी तुमचे मेहुणे," प्राध्यापक जिन्यात म्हणाले. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून "हो, हो, त्याला बोलायला फार आवडतं" असं बाहेर पडलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा मला वाटलं साहेब संतापेल. तो वाटाणे सोलत राहिला. "जातो मी. पण खरं सांगणार." "अरे, पण लोक!" मी म्हटलं. "सांगू दे त्याला," ही म्हणाली. "एकदाचं काय ते होऊन जाऊ दे." तिला सोपं होतं. मला डोळ्यांपुढे वेगळंच दिसत होतं. प्राध्यापक उठतात, बायका आपापली पोरं कडेवर घेतात, कोणीतरी म्हणतं, हा माणूस इथे खलाशी म्हणून वावरत होता, तोतया तो तोतयाच. मग तक्रार, चौकी, रजा खलास, हिचा तो टांगलेला जीव दाणकन खाली. आणि चौकीवर विचारणार, खलाशी असल्याचं कोण म्हणालं? जामीनदार म्हणाला. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ असतात. मी भांडं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून आलो होतो.

रविवारी गच्चीवर ऊन होतं. सतरंज्यांवर मुलं, मागे खुर्च्यांवर आईबाप. मी सगळ्यात मागे पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिलो, जिन्याच्या जवळ. प्राध्यापकांनी ओळख करून दिली, वादळ आणि सुकाणू धरून, म्हणजे दंतवैद्य याच इमारतीत कोणाचा तरी साडू लागत असणार. टाळ्या झाल्या. साहेब माझा जुना कोट घालून उभा राहिला. त्याने हात मागे बांधले, ते सोडले, आणि म्हणाला, "मी जहाजावर नसतो. मी तुरुंगात असतो. रजेवर आलोय." टाकीत पाणी पडत होतं तेवढंच ऐकू आलं. आणि मग प्राध्यापक खो खो हसले. त्यांच्यामागून सगळेच हसले. "खरंय हो, महिनोन्‌महिने जहाजावर म्हणजे तुरुंगच!" कोणीतरी म्हणालं. "नाही, खरोखरचा तुरुंग," साहेब म्हणाला. "मी लोकांना फसवायचो. लिफ्ट तपासनीस आहे असं सांगायचो." लिफ्टचं ऐकून तर शेजारीण डोळे पुसायला लागली. त्याने घंटा सांगितली, हजेरी सांगितली, खिडकीतून झाडाचा अर्धाच भाग कसा दिसतो ते सांगितलं, आणि प्रत्येक वाक्याला हशा पिकत गेला. तो जितका कळवळून सांगे, तितके लोक पोट धरून हसत. एका लहान मुलीने हात वर केला, "मग तुम्हाला घरची आठवण येते का?" "येते," तो म्हणाला. "ताईची येते." यावर सगळे "ओऽऽ" म्हणाले आणि जोरात टाळ्या पडल्या. साहेबाने त्या सगळ्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, की तो खरं बोलतोय. शब्द तोंडात तयार होते. पण लोक इतके खूष होते, ऊन इतकं छान होतं, आणि माझे हात, मी पाहिलं, टाळ्या वाजवत होते.

"तुरुंगातल्या बाईंना मी काय सांगू?" संध्याकाळी साहेब खिडकीत उभा राहून म्हणाला. "एक शब्द खोटा बोललो नाही. तरी लोक फसलेच. म्हणजे हे माझ्या बोलण्यात नाहीच का? माझ्या तोंडावरच आहे?" मी म्हटलं, जाऊ दे रे, बला टळली, रजा वाचली, कोणी तक्रार करणार नाही. ही आतून आली. "त्याचं कोणीच खरं मानत नाही," ती म्हणाली, "आणि तुमचं सगळे मानतात. बरं आहे तुमचं." या वेळी वाक्य पुरं होतं. मी चष्मा काढला, पुसला, घातला. मला स्वतःची अशी लाज वाटली, की तिच्याकडे बघण्यापेक्षा मी काचेवरचा नसलेला डाग पुसत बसलो.

परत जायच्या दिवशी आम्ही दोघं बसने निघालो. हिने त्याचा भांग पाडला, या वयात, आणि एक नोट चार घड्या घालून त्याच्या मुठीत दाबली, वाटेत काही खा म्हणून. त्याने काही खाल्लं नाही. बस तुरुंगाच्या थांब्यावर जवळजवळ रिकामी झाली. पुढे एक लांब सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना काही नाही, आणि शेवटी ते मोठं फाटक, त्यात एक छोटं दार, आणि दाराशी स्टुलावर शिपाई. "आलास? शहाणा आहेस, वेळेत आलास," तो साहेबाला म्हणाला आणि मान तिरकी करून त्याने माझ्याकडे पाहिलं. डावा कान उजव्यापेक्षा चांगला खाली. चष्मा वाकडा. माझी बोटं शिवशिवली. "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय," शिपाई म्हणाला. "चष्म्याच्या दुकानात ना तुम्ही?" मला वाटलं आता तरी तोंडून खरं बाहेर येणार. हिचं ते वाक्य आठवलं, गच्ची आठवली, तोंडसुद्धा उघडलं. "नाही हो," मी म्हणालो. "मी टॅक्सीवाला. यांना सोडायला आलो."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दाराची कडी आपल्याच बाजूला आहे हे कळल्यावर तो जसा कडीकडे बघत असेल, तसं. मग त्याने कोट नीट केला, खिशातून ती नोट काढली आणि माझ्यापुढे धरली. "हे घ्या. सुटे राहू द्या," तो म्हणाला. हा आवाज मी याआधी कधी ऐकला नव्हता. न्यायालयाने ऐकला होता, लिफ्टवाल्यांनी ऐकला होता. शांत, भारदस्त, थोडा मायाळू आवाज. ऐकून कोणीही खुर्ची पुढे करावी. शिपाई स्टुलावरून उठून उभा राहिला, आणि आपण का उठलो हे न कळून पुन्हा बसला. साहेब वाकून छोट्या दारातून आत गेला. दार लागलं. संपूर्ण रजेत जे एक खोटं त्याने दातांखाली दाबून ठेवलं होतं, ते त्याने उंबऱ्यावर माझ्यासाठी खर्च केलं होतं. मी त्याला जामीन होतो. आणि गुन्हा माझ्याच हातात होता, घामाने ओला, हिने घातलेल्या चार घड्यांचा.

"टॅक्सी मोकळीच ना?" शिपाई टोपी सारखी करत म्हणाला. "पाळी संपली माझी. मला चौकापर्यंत टाका. कुठे लावलीय?" आम्ही दोघांनी रस्त्याकडे पाहिलं. लांब, सरळ, रिकामा रस्ता. एक कुत्रं तेवढं मधोमध बसलं होतं. "टॅक्सी नाही," मी म्हणालो. "म्हणजे?" "मी टॅक्सीवाला नाही. आत्ता आत गेला, तो माझा मेहुणा." शिपायाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसायला लागला. "भाडं घ्यायचं नसेल तर सरळ सांगा ना राव. त्यासाठी कैद्याला मेहुणा कशाला करता? लोक असलेले मेहुणे नाकारतात!" "खरंच मेहुणा आहे," मी ओरडलो. तो आणखी हसला. तेव्हा मला कळलं गच्चीवर काय झालं होतं. खरं सांगून हशा मिळाला की माणसाला कसं वाटतं, ते आतून कळलं. मी पुढे झालो आणि त्याच्या नाकावरून चष्माच काढून घेतला. तो "ए, ए!" करत उठला. मी डावी काडी तोंडाच्या वाफेने गरम केली, शर्टाच्या टोकात धरून अंगठ्याने हळूच वाकवली, आणि चष्मा परत त्याच्या कानांवर ठेवून मागे सरलो. शिपायाची मान चष्मा घेतल्यापासून पहिल्यांदाच बहुधा सरळ झाली. त्याने रस्त्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अरेच्चा," तो म्हणाला. "तुम्हीच की."

"हा फर्स्टक्लास बसला नव्हता," मी म्हणालो. "तेव्हाही खोटंच बोललो होतो." त्याने सरळ मानेने माझ्याकडे पाहिलं. मग वळला, छोट्या दाराची झडप सरकवली आणि आत ओरडला, "अरे ए साहेब! हे तुझे भावोजी आहेत म्हणतात. खरं का?" आत कुठेतरी एक बादली वाजली, कोणीतरी खोकलं. मी ती नोट मुठीत घट्ट धरून उभा होतो आणि झडपेच्या त्या चौकोनात मला अंधाराशिवाय काही दिसत नव्हतं. मग अगदी जवळून, दाराला लागूनच उभा असल्यासारखा आवाज आला, आणि तो साहेबी आवाज नव्हता.

"हो. खरं आहे ते."

शिपायाने मान डोलावली. "बरं," तो म्हणाला, आणि झडप लावून घेतली.